‘गोइंग फॉरवर्ड’ गाळलं तर मागे काय उरतं?

ऑफिसच्या टाउनहॉलमध्ये किंवा सोमवारी सकाळी आलेल्या मेलमध्ये या धाटणीचं एक वाक्य हमखास असतं : ‘गोइंग फॉरवर्ड, वुई नीड टु लिव्हरेज अवर सिनर्जीज टु ड्राइव्ह इम्पॅक्टफुल आउटकम्स.’ ऐकायला भारदस्त वाटतं. आता हेच वाक्य रात्री जेवताना आईला मराठीत सांगायचं आहे, असं धरा. ‘यापुढे आम्ही सगळे मिळून चांगलं काम करणार आहोत.’ आई विचारेल, ‘मग इतके दिवस काय करत होतात?’

आईचा प्रश्न रास्त आहे. वाक्यात नवी माहिती काहीच नव्हती, पण इंग्रजीत असेपर्यंत ते कळत नव्हतं. दोन भाषांत जगणाऱ्या माणसाला अशी एक चाळणी फुकट मिळालेली असते आणि बहुतेक जण ती वापरत नाहीत.

या चाळणीतून घातलेल्या शब्दांचं तीनपैकी एक काहीतरी होतं. बँकेतला ‘अमॉर्टायझेशन’ हा शब्द घ्या. मराठीत सांगायचं तर ‘कर्ज ठरावीक हप्त्यांत असं फेडायचं, की सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा आणि मुद्दलाचा लहान असतो, पुढे पुढे ते उलटत जातं’ एवढं बोलावं लागतं. म्हणजे एका शब्दात बराच माल भरलेला आहे. हा खरा पारिभाषिक शब्द, तो ठेवायचा. ‘युटिलायझेशन’ घातलं तर ‘वापर’ बाहेर पडतो. अर्थ आहे, पण फुगवलेला. आणि ‘सिनर्जीज’सारखं काही घातलं, तर पुष्कळदा चाळणीवर काहीच उरत नाही. मराठीत वाक्य लांबलं तर शब्द कामाचा, आखडलं तर फुगीर, नाहीसं झालं तर पोकळ.

अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांची चाळणी थोडी वेगळी आहे. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, १९९८ साली कंपन्यांसाठी साध्या इंग्रजीची एक पुस्तिका काढली. तिच्या प्रस्तावनेत बफे सांगतात, की वार्षिक अहवाल लिहिताना ते आपल्या डॉरिस आणि बर्टी या दोन बहिणींशी बोलतो आहोत असं समजतात. दोघी हुशार, पण हिशेबशास्त्रातल्या तज्ज्ञ नव्हेत. मराठी माणसाला बहीण तर आहेच, शिवाय दुसरी भाषाही आहे.

कुंपणाच्या आतली भाषा

धंद्याची भाषा ही मुळात वाईट गोष्ट नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं ‘बी.डी.’ म्हणजे औषध दिवसातून दोनदा आणि ‘टी.डी.एस.’ म्हणजे तीनदा. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत. डॉक्टर आणि औषधविक्रेता यांच्यात ती बिनचूक काम करतात. तेच ‘टी.डी.एस.’ पगाराच्या चिठ्ठीवर आलं की मुळातून कापलेला कर होतो. घोटाळा शब्दात नसतो. शब्द कुंपण ओलांडून भलत्या माणसापर्यंत पोचतो, तेव्हा तो होतो.

कुंपणाआडून आलेला एखादा शब्द मात्र मजेशीर निघतो. आजाराच्या नावाआधी ‘इडिओपॅथिक’ लागलं की रुग्णाला वाटतं, निदान पक्कं झालं. चाळणीतून काढला तर त्याचा अर्थ ‘कारण सापडलेलं नाही’ एवढाच. डॉक्टरांना तो शब्द लागतो, कारण ‘ज्ञात कारणं तपासून बाजूला सारली’ हेही त्यात येतं. रुग्णाला मात्र ते मराठीतच सांगायला हवं.

गुळगुळीत झालेली नाणी

वापरून वापरून झिजलेले शब्द हा वेगळा आजार आहे. त्यात लबाडी नसते, नुसती झीज असते.

‘व्हेरी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ अशा अर्थाच्या शब्दापासून आला. म्हणजे ‘व्हेरी’ हे एके काळी ‘खरोखर’ होतं. ते झिजलं, म्हणून लोक ‘रिअली’ म्हणू लागले. तोही ‘खरोखर’च, आणि तोही झिजला. ‘ऑसम’च्या पोटात ‘ऑ’ आहे, म्हणजे देवापुढे किंवा वादळापुढे वाटणारा आदरयुक्त धाक. आज पिझ्झा ऑसम असतो. जर्मनमध्ये ‘खूप’साठी जो ‘झेअर’ शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘वेदनेने’ असा होता. इंग्रजीतला ‘सोअर’ त्याचाच भाऊबंद. आपल्याकडे ‘भयंकर गोड मुलगी’ म्हणताना कुणाला भय वाटतं का? भाषाशास्त्रज्ञ याला अर्थ विटणं म्हणतात. धुतलेल्या कापडासारखा रंग उतरत जातो, म्हणून जास्त भडक कापड आणावं लागतं, मग तेही विटतं.

‘लिटरली’वर सर्वांत जास्त दात खाल्ले जातात. ‘आय लिटरली डाइड’ म्हणणारी व्यक्ती समोर चहा पीत बसलेली असते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने २०११ साली हा अतिशयोक्तीचा वापर नोंदवला, आणि २०१३ साली ते लोकांच्या लक्षात आलं तेव्हा भाषा बुडाल्याची ओरड झाली. पण कोशाने त्या वापराचा दाखला दिला तो १७६९ सालचा. आणि आपण हसण्याआधी कालचं वर्तमानपत्र पाहावं : ‘पावसाने शहराला अक्षरशः झोडपून काढलं.’ ‘लिटरली’ हा लॅटिनमधल्या ‘अक्षर’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला, म्हणजे दोन्ही भाषांनी एकाच शब्दाची एकाच पद्धतीने वाट लावली आहे.

बोलताना या झिजेचं फारसं बिघडत नाही. मराठीत बोलता बोलता येणारं ‘बेसिकली’ हे ‘म्हणजे’सारखंच. पुढचा शब्द सापडेपर्यंत आपली पाळी धरून ठेवण्याचं काम ते करतं. ‘ॲक्च्युअली’ थोडं जपून वापरावं, कारण त्यात ‘तुम्हाला वाटतं तसं नाही’ अशी सुप्त दुरुस्ती असते. दर वाक्याला ते लावणारा माणूस कुणी न बोललेलं खोडत बसतो.

लिहिताना मात्र झिजलेला जोरदार शब्द काढून त्या जागी आकडा किंवा वेळ घालावी. ‘व्हेरी अर्जंट’ऐवजी ‘आज ४ वाजेपर्यंत’. ‘सिग्निफिकंट ग्रोथ’ऐवजी ‘८ टक्के वाढ’. ‘शॉर्टली’ऐवजी तारीख. सगळ्याच मेलवर ‘अर्जंट’ लिहिलं, की त्याचं चौकातल्या हॉर्नसारखं होतं : सगळे वाजवतात आणि कुणी हटत नाही.

याच घरातला धाकटा दोष म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं. ‘रिटर्न बॅक’, ‘फ्री गिफ्ट’, ‘एटीएम मशीन’, ‘पिन नंबर’. मराठीत याला पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र म्हणून शाळेतच हसून घेतलेलं असतं, पण इंग्रजीत आलं की आपल्याला ते खटकत नाही.

उसन्या शब्दांचं गाव कोणतं

‘डेडलाइन’चा उगम ऐकला तर पुढच्या वेळी तो शब्द तोंडात अडखळेल. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ होता. तळाभोवती उंच लाकडी तटबंदी, आणि तिच्या आत सुमारे १९ फुटांवर एक हलकं कुंपण. ते ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. त्या कुंपणाचं नाव ‘डेड लाइन’. पुढे छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांत तो शब्द मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी आला. अँडरसनव्हिलच्या कैद्याला कुणी ‘डेडलाइन एक्स्टेंड’ करून देत नसे.

डेडलाइन इतकी रुळली आहे, की तिच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तिला अर्थही आहे. अडचण अर्धवट रुळलेल्या शब्दांची. ‘टच बेस’, म्हणजे थोडक्यात संपर्क साधणं, आणि ‘बॉलपार्क फिगर’ हे बेसबॉलमधले. ज्या देशात बेसबॉलचं मैदान दिसत नाही, तिथे ‘बॉलपार्क’ म्हणजे ‘अंदाजे’ हे पाठच करावं लागतं. उलट भारतीय माणूस ‘फ्रंट फुट’वर खेळण्याबद्दल बोलला, की शिकागोतला सहकारी नुसती मान डोलावतो. ‘बँडविड्थ’ रेडिओ अभियंत्यांची, ‘इकोसिस्टिम’ ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ साली वापरात आणलेली, आणि ‘क्वांटम लीप’ भौतिकशास्त्रातली. तिथे ती अणूच्या पातळीवरची अगदी सूक्ष्म उडी असते, पण जाहिरातीत ती आभाळाला भिडते.

एखादा नेमका शब्द कसा भोंगळ होतो, याचं सर्वांत चांगलं उदाहरण ‘डिसरप्शन’. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी सहलेखक जोसेफ बाउअर यांच्याबरोबर १९९५ साली ही कल्पना मांडली. तिचा अर्थ ‘मोठी खळबळ’ असा नव्हता. एखादी कंपनी स्वस्त, काहीशी कमी दर्जाची वस्तू घेऊन बाजाराच्या तळाशी शिरते. मोठ्या कंपन्या तिथे नफा कमी म्हणून लक्ष देत नाहीत. ती सुधारत सुधारत वर चढते आणि एके दिवशी मोठ्यांचे गिऱ्हाईक पळवते. पोलाद उद्योगाचं त्यांचं उदाहरण फार बोलकं आहे : भंगार वितळवणाऱ्या छोट्या गिरण्यांनी आधी बांधकामाच्या सळ्या बनवल्या, कारण त्यात दर्जाची फार चिंता नव्हती. मोठ्या कारखान्यांनी सळ्यांचा धंदा खुशीने सोडला. मग छोट्या गिरण्या अँगल, मग मोठे गर्डर, मग पत्रा अशा पायऱ्या चढत गेल्या. एवढी नेमकी कल्पना वीस वर्षांत ‘काहीतरी नवं आलं’ एवढ्या अर्थाला घसरली. २०१५ साली क्रिस्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लेख लिहून सांगावं लागलं, की या सिद्धान्तानुसार उबरची टॅक्सीसेवा ‘डिसरप्टिव्ह’ नाही. ऐकलं कुणी?

दुहेरी शब्दांचा वारसा

इंग्रजीत साध्या शब्दाशेजारी एक भरजरी शब्द नेहमी का सापडतो, याला इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. पुढची तीनेक शतकं दरबार आणि न्यायालयं फ्रेंच बोलत, ग्रंथ लॅटिनमध्ये आणि शेतकरी इंग्रजीत. न्यायालयात तोंडी कामकाज इंग्रजीत चालावं असा कायदा १३६२ साली झाला. या थरांमुळे एकाच गोष्टीला दोन शब्द मिळाले : ‘बाय’ आणि ‘पर्चेस’, ‘हेल्प’ आणि ‘असिस्टन्स’, ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’. पहिला घरचा, दुसरा दरबारी. वकिलांनी धोका नको म्हणून दोन्ही एकत्र बांधले. ‘विल अँड टेस्टामेंट’ किंवा रिझर्व्ह बँकेच्या निकषांत दिसणारं ‘फिट अँड प्रॉपर’ त्यातलंच.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपल्याकडेही फारसी दरबाराच्या सहवासात ‘कागदपत्र’, ‘धनदौलत’, ‘मानमरातब’, ‘रीतिरिवाज’ असे जोडशब्द तयार झाले : एक बाजू अरबी-फारसी, दुसरी देशी. फरक इतकाच, की आपले जोडशब्द बोलीत मुरले आणि इंग्रजीतले करारनाम्यांत घट्ट बसले.

माणसं असं का बोलतात

मुद्दाम फसवायला असं बोलणारे थोडेच असतात. बहुतेकांच्या बाबतीत कारण साधं असतं : आपल्याला माहीत असलेली गोष्ट समोरच्याला माहीत नाही, याचा विसर पडतो. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. घरी करून पाहा, ‘जन गण मन’सुद्धा ओळखताना लोक गडबडतात. आद्याक्षरांनी भरलेला मेल म्हणजे अशीच टकटक.

दुसरं कारण रुबाबाचं. झकारिया ब्राउन, एरिक ॲनिसिच आणि ॲडम गॅलिन्स्की या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की ज्यांना आपलं स्थान खालचं वाटतं, ते जड परिभाषा जास्त वापरतात. नव्याने लागलेला माणूस व्यवस्थापकापेक्षा जास्त ‘लिव्हरेज’ करताना दिसला, तर नवल नाही. गंमत अशी, की हा डाव उलटतो. डॅनियल ओपनहायमर यांच्या २००६ मधल्या प्रयोगांत गरज नसताना मोठे शब्द वापरणाऱ्या लेखकाला वाचकांनी कमी हुशार ठरवलं. त्या निबंधाचं शीर्षक त्यांनी मुद्दाम अगडबंब ठेवलं होतं आणि त्याला त्याच वर्षी इग नोबेल मिळालं.

तिसरं कारण मात्र लपवण्याचं आहे, आणि तिथे चिडायला हरकत नाही. ‘मिस्टेक्स वेअर मेड.’ अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८७ च्या आपल्या वार्षिक भाषणात इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणाबद्दल असंच म्हटलं होतं. चुका झाल्या, पण कुणी केल्या? व्याकरणाने कर्त्याला मागच्या दाराने बाहेर काढलं. मराठीत तर ही सोय क्रियापदातच आहे. ‘मी पेला फोडला’ असं कबूल करणारा विरळा, ‘पेला फुटला’ म्हटलं की भागतं. कामगारकपातीचंही तसंच. ‘डाउनसायझिंग’ हा शब्द १९७० च्या दशकात अमेरिकेत मोटारी आकाराने लहान करण्यासाठी वापरात होता. मग तो माणसं कमी करण्याला लागला, त्याची दुर्गंधी येऊ लागली, म्हणून ‘राइटसायझिंग’ आलं. नाव बदलून वास जात नाही, काही वर्षांनी तो नव्या नावालाही लागतो. आपल्याकडचा पायखाना, संडास, शौचालय, प्रसाधनगृह, स्वच्छतागृह हा प्रवास आठवा.

आपली खास भारतीय ठेव

‘डू द नीडफुल’वरून भारतीयांची थट्टा होते, ती अर्धवट माहितीवर. हा ब्रिटिशांचाच जुना वापर. तिकडे मागे पडला, इकडे कचेऱ्यांत टिकला. जुना आहे म्हणून तो वाईट नाही. काय करायचं ते त्यात सांगितलेलं नाही, हा त्याचा दोष. ‘प्लीज कन्फर्म द सेम’मधलं ‘सेम’ म्हणजे आपलं ‘सदर’ : वाचणाऱ्याने वर जाऊन शोधायचं. ‘प्रीपोन’ला मात्र हात लावू नये. ‘पोस्टपोन’चा जोडीदार हवाच होता, तो नियमात बसतो आणि एका शब्दात अर्थ पोचवतो. चाळणीत तो पहिल्या दर्जाने उत्तीर्ण होतो.

खरा धोका ‘रिव्हर्ट’मध्ये आहे. भारतात त्याचा अर्थ ‘उत्तर द्या’. बाहेर त्याचा अर्थ ‘पूर्वस्थितीला जा’, आणि सॉफ्टवेअरमध्ये तर ‘केलेला बदल मागे घ्या’. ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द चेंज बाय ईओडी’ असा मेल पुण्याहून कॅलिफोर्नियाला गेला, तर तिकडचा माणूस केलेलं काम उलटवू शकतो. त्यात ‘ईओडी’, म्हणजे ‘एंड ऑफ डे’, दिवसअखेर. पण कुणाचा दिवस? पुण्यात संध्याकाळी ६ वाजता कॅलिफोर्नियात त्याच दिवसाची पहाट असते : उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेचार. म्हणून ‘रिप्लाय’ लिहावं, आणि वेळेबरोबर शहराचं नाव. तसाच फसवा शब्द ‘टेबल’. ब्रिटिश बैठकीत विषय ‘टेबल’ केला म्हणजे चर्चेला घेतला, अमेरिकी बैठकीत ‘टेबल’ केला म्हणजे बाजूला ठेवला. दोन्ही देशांचे लोक एकाच कॉलवर असतील, तर हा शब्द वापरूच नये.

वाक्य सोलायची रीत

समजा हा मेल आहे : ‘इट हॅज बीन ऑब्झर्व्ह्ड दॅट देअर हॅज बीन अ डिले इन द सबमिशन ऑफ रिपोर्ट्स. ऑल कन्सर्न्ड आर रिक्वेस्टेड टु काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.’

आधी कर्ता शोधा. कुणी पाहिलं, कुणी उशीर केला, कुणी करायचं? तिन्ही जागा रिकाम्या आहेत. ‘ऑल कन्सर्न्ड’ वाचून प्रत्येकाला वाटतं, आपण सोडून बाकीचे. मग नामांच्या पोटात कोंडलेली क्रियापदं मोकळी करा : ‘सबमिशन’मध्ये ‘सबमिट’ आहे, म्हणजे ‘सेंड’. ‘कंडक्ट ॲन इन्व्हेस्टिगेशन’मध्ये ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘मेक अ डिसिजन’मध्ये ‘डिसाइड’. त्यानंतर काळाचे धूसर शब्द काढून तारीख घाला. ‘गोइंग फॉरवर्ड’ इथेच गळतं, कारण ‘विल’ म्हटलं की भविष्यकाळ आलाच. शेवटी सौजन्य एकदाच ठेवा. ‘रिक्वेस्टेड’ आणि ‘काइंडली’ दोन्ही नकोत. उरतं ते असं : ‘थ्री ऑफ द फाइव्ह ब्रँच रिपोर्ट्स फॉर जून हॅव नॉट कम. इफ यू आर नाशिक, सातारा ऑर लातूर, प्लीज सेंड युअर्स टु मी बाय ५ पीएम ऑन फ्रायडे.’ मेल लांबीने जवळपास तेवढाच राहिला आहे, पण आता साताऱ्याचा माणूस कामाला लागेल.

‘जेंटल रिमाइंडर’चंही तेच. सौम्य शब्दाने काम पुढे सरकत नाही. आधी कधी मागितलं होतं आणि ते न आल्याने काय अडलं आहे, हे दोन तपशील लिहिले, तर सरकतं.

मोजमापच हवं असेल, तर रॉबर्ट गनिंग यांनी १९५२ साली दिलेला ‘फॉग इंडेक्स’, म्हणजे धुक्याचा निर्देशांक, वहीवर काढता येतो. साधारण १०० शब्दांचा उतारा घ्या. एका वाक्यात सरासरी किती शब्द आहेत ते मोजा. तीन किंवा जास्त उच्चारखंडांचे शब्द शेकडा किती ते काढा. दोन्हींची बेरीज करून ०.४ ने गुणा. उत्तर म्हणजे तो मजकूर कळायला शाळा-कॉलेजची साधारण किती वर्षं लागतील.

नमुन्याला एकच वाक्य घेऊ : ‘वुई आर करंटली अंडरटेकिंग अ कॉम्प्रिहेन्सिव्ह असेसमेंट ऑफ अवर ऑपरेशनल कपॅबिलिटीज विथ अ व्ह्यू टु आयडेंटिफाइंग ऑपॉर्च्युनिटीज फॉर एन्हान्स्ड एफिशिअन्सी.’ शब्द २०, त्यातले लांब ९, म्हणजे ४५ टक्के. २० अधिक ४५ म्हणजे ६५, गुणिले ०.४ : उत्तर २६. पहिलीपासून पीएचडीपर्यंत जाऊनही वर्षं उरतात. आता हे : ‘वुई आर चेकिंग व्हेअर अवर वर्क इज स्लो अँड व्हॉट इट वुड टेक टु फिक्स इट.’ शब्द १६, लांब शून्य, निर्देशांक ६.४.

या आकड्यावर आंधळा विश्वास नको. तो फक्त लांबी मोजतो, अर्थ मोजत नाही. ‘बँडविड्थ’, ‘पिव्हट’, ‘लीन इन’ हे आखूड असल्याने त्याच्या जाळ्यातून सुटतात. आणि हे सूत्र इंग्रजीसाठी बेतलेलं आहे. प्रत्यय जोडून शब्द लांबवणाऱ्या मराठीला ते लावलं, तर ‘स्वयंपाकघरातल्यासारखं’ हा घरगुती शब्दही अवघड ठरेल.

बंदी घालून काय झालं

विन्स्टन चर्चिल यांनी ९ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनवर हवाई हल्ले होत असताना, अहवाल आखूड लिहा असं टिपण खात्यांना पाठवलं. १९४४ साली टेक्सासचे मॉरी मॅव्हरिक अमेरिकेत लहान युद्धकारखान्यांच्या महामंडळाचे प्रमुख होते. कचेरीतल्या भाषेला वैतागून त्यांनी ‘गॉबल्डिगुक’ हा शब्द घडवला, छाती फुगवून कलकलाट करणाऱ्या टर्की पक्ष्यावरून. ‘ॲक्टिव्हेशन’ किंवा ‘इम्प्लिमेंटेशन’ वापरणाऱ्याला गोळी घालण्यात येईल, असंही त्यांनी बजावलं होतं. ‘इम्प्लिमेंटेशन’ धडधाकट आहे. १९४८ साली अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांची पुस्तिका लिहिली. १९७९ साली क्रिसी माहर यांनी लंडनमध्ये संसदेसमोरच्या चौकात शेकडो सरकारी फॉर्म फाडून साध्या इंग्रजीची चळवळ सुरू केली. या बाईंना किशोरवयापर्यंत वाचता येत नव्हतं, त्यामुळे फॉर्मपुढे हतबल होणं त्यांच्यासाठी ऐकीव नव्हतं, अनुभवाचं होतं. मिशिगनमधलं लेक सुपीरिअर स्टेट विद्यापीठ १९७६ पासून दर नववर्षाला हद्दपार शब्दांची यादी काढतं. ‘अमेझिंग’ २०१२ साली हद्दपार झाला आणि २०२३ साली पुन्हा करावा लागला. मधल्या काळात तो कुठेच गेला नव्हता, हे उघड आहे. अमेरिकेने २०१० साली साध्या लेखनाचा कायदाही केला, पण खात्याने तो पाळला नाही म्हणून कोर्टात जाता येत नाही.

शब्दांना हद्दपार करण्यापेक्षा ‘कोण, काय, कधी’ विचारणं जास्त उपयोगी पडतं, कारण ते कुठल्याही भाषेत चालतं. चाळणी उलटी धरून आपल्या कचेऱ्यांतली मराठीही तीत घालून पाहता येते. ‘सदर प्रकरणी नियमानुसार उचित ती कार्यवाही करण्यात येईल.’ कोण करील? काय करील? कधी करील? हेच ते ‘नीडफुल’, फक्त देवनागरीत. पाण्याची तक्रार घेऊन खिडकीशी उभ्या राहिलेल्या बाईंना एवढंच ऐकायचं असतं : पाइप बुधवारी जोडला जाईल, पाणी गुरुवारी सकाळी ६ ते ८ येईल, नाही आलं तर कनिष्ठ अभियंत्यांना या नंबरवर फोन करा.